बाबूने लावलेला कौल

आमच्या वाडीत होडी पाण्यात घालणं सोपं, वर घेणं कठीण. घालताना उतार असतो, दोघेतिघे मिळून घालतात. येताना होडी ओली, जाळं ओलं, माणूस दमलेला आणि रेती चढती. तेव्हा किनाऱ्यावर जो असेल तो उठतो. बोलवायचं नसतं. कोण पत्ते टाकतो, कोण विडी विझवतो, कोण नुसता वारा खायला आलेला असतो, तोही येतो. खाली ओंडके घालायचे, दोन्ही बाजूंनी हात लावायचे, एकाने आरोळी द्यायची नि सगळ्यांनी एका दमात ढकलायचं. होडी वर आली की कोणी कोणाचे आभार मानत नाही. मूठभर बांगडे घ्यायचे नि घरी जायचं.

मी लिनो. मी काही जन्माचा मासेमारीवाला नाही. वाडीच्या टोकाला क्रुसापलीकडे आमचं घर, किरिस्तावाचं तेवढं एकच. शाळेचं विचारू नका, मला बघून मास्तर पोटात दुखतं म्हणायचे. मुंबईला गोदीत राबलो, मग मोठ्या बोटीवर भटारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून फिरलो, आणि गुडघे बोलायला लागले तसा परत येऊन एक छोटी फायबरची होडी घेतली. बायको एस्पेरांसा वारली. मुलगी रोशेल नवऱ्याबरोबर लिस्बनला. रविवारी फोन करते, जेवलास काय विचारते, मी हो म्हणतो नि ठेवतो.

मग वाडीत माझं माणूस कोण, तर बाबू. त्यानेच मला होडी शिकवली. सुरुवातीला मी सुकाणू धरलं की म्हणायचा, "रे भटाऱ्या, ता सुकाणू आसा, डवलो नाय. ढवळू नको." तेव्हापासून तो मला भटाऱ्या म्हणतो नि मी त्याला मानकरी म्हणतो. तो खराच मानकरी आहे. आमच्या वाडीच्या देवीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. नारळ हातात घेऊन तो बोलायला लागला की दर्यासुद्धा आवाज कमी करतो असं त्याला वाटतं.

त्याची मुलगी दिव्या. ही गोष्ट तिची.

दिव्या कणकवलीच्या कॉलेजात शिकली आणि मग म्हणाली, मी समुद्राचं शिकणार. बाबूला कळेना. दर्याचं शिकायला कॉलेज कशाला, रोज पहाटे माझ्याबरोबर ये म्हणाला. तिने समजावलं, की पाणी कुठून येतं, कुठे जातं, किती गार, किती खारं, त्यात हवा किती, हे सगळं शिकायचं असतं. बाबू म्हणाला, पाण्यात हवा असते तर आपण बुडून का मरतो. पण मुलगी गेली गोव्याला, तिथे समुद्राची मोठी संस्था आहे. एक परीक्षा पास झाली, दुसरी झाली, नि आमचा मानकरी किनाऱ्यावर छाती काढून फिरायला लागला. कोणी विचारलं, चेडू काय करता, तर म्हणायचा, "दर्याची डॉक्टर होतला." माझ्या कानात मात्र हळूच विचारायचा, म्हणजे नक्की काय करतात रे ते? मी बोटीवर होतो म्हणून मला माहीत असणार असं त्याला वाटायचं. मी बोटीवर कांदे कापायचो.

मग तिला मोठं काम मिळालं. एकाच जागी, दर महिन्याला, गणपतीनंतर सुरू करून पाऊस येईपर्यंत पाणी तपासायचं. जागा कुठली, तर तिने आमचीच निवडली, खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या कातळाच्या, बाहेरची. बापाच्या होडीतून जायची. किनाऱ्यावर सगळे तिचं सामान बघायला जमायचे. एक पांढरं ताट होतं, मधे भोक पाडून दोरी बांधलेलं. ते पाण्यात सोडायचं, दिसेनासं झालं की दोरीची खूण बघायची, म्हणजे पाणी किती नितळ ते कळतं. एक नळा होता, तो खाली जाऊन आपला आपणच सगळं टिपून घ्यायचा. आणि एक जाळं, मलमलीच्या पिशवीसारखं बारीक. त्यात काय गावतं ते डोळ्यांना दिसतच नाही. वाडीतला होडीवाला पोरगा देवेश, त्याने त्या जाळ्यातल्या पाण्याची बाटली उन्हात धरून बघितली नि विचारलं, "ह्याचा कालवण किती जणांक पुरतला?" दिव्या पण हसली. तेव्हा सगळं ठीक होतं.

बिघडलं ते कुठून, सांगतो. काही वर्षांपूर्वी असेच कोण साहेब येऊन पाणी मोजून गेले होते, आणि मागाहून एक कागद आला, की अमुक पट्ट्यात जाळं टाकायचं नाही. देवेशच्या बापाचं जाळं त्यात जप्त झालं होतं. म्हातारा त्यानंतर दर्यावर गेलाच नाही, घराच्या पायरीवर बसला तो बसलाच. देवेश वाईट पोरगा नाही. पण ते पांढरं ताट खडपाजवळ खाली जाताना बघून त्याच्या मनात आलं, की ही पण मोजते आहे. त्याने ते दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. जत्रेनंतर वाडीची बैठक बसली.

दिव्याला बोलावलं. ती उभी राहिली नि पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागली, घाबरली की ती तसं बोलते. देवेशने सरळ विचारलं, तुझा रिपोर्ट वाचून कोणी आमचा पट्टा बंद करणार नाही, असं तू सांगू शकतेस काय? आता कोणी दुसरी असती तर नाही करणार म्हणून मोकळी झाली असती. ही म्हणाली, माझं काम छापलं जाईल, ते कोण वाचेल आणि वाचून काय करेल ते माझ्या हातात नाही. खरं बोलली. बैठकीत एकदम गलका झाला.

बाबूला ते सहन होईना. मुलगी अशी एकटी मधे उभी, आणि ज्यांच्या होड्या त्याने जन्मभर ओढल्या ते तिच्यावर ओरडतायत. तो उठला. मी त्याच्या शेजारीच होतो, त्याची लुंगी धरून खाली ओढायला हवी होती. पण त्याने बोलूनच टाकलं, की आपण कशाला भांडायचं, देवीला विचारूया. कौल लावूया. देवी सांगेल ते मला कबूल, तुम्हालाही कबूल.

आमच्याकडे कौल म्हणजे शेवटचा शब्द. देवीच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे नि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतात, प्रश्न विचारतात, नि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. लग्नाचं, घराचं, विहिरीचं, सगळं असं विचारतात. आणि एकदा विचारलं की मग आपलं तोंड बंद.

गाऱ्हाण्याचा मान बाबूचाच. मी मंडपाच्या खांबाला टेकून होतो, टोपी काढून. त्याने नारळ धरला आणि घातलं गाऱ्हाणं, असं घातलं की अंगावर काटा आला. वाडवडलांची नावं घेतली, दर्याचं नाव घेतलं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणाला, आणि शेवटी विचारलं, "बाये, माज्या चेडवाक तिच्या कामाक होडी दिलेली तुका चलता काय, ता सांग."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्याच्या तोंडावर हसू होतं. खरंच सांगतो, हसू होतं. त्याला खात्री होती. आम्ही बसलो. एक मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. पाषाणावरून पाण्याचा थेंब ओघळला, आणि डावी पाकळी अलगद सुटून खाली आली.

देवेशनेसुद्धा खाली मान घातली, त्यालाही बरं वाटलं नसावं. बाबू नारळ हातात धरून तसाच उभा. दिव्या बायकांच्या बाजूला होती, तिची आई सुगंधा तिचा हात धरून. ती मुलगी पाषाणाकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर आली. मी सोलकढी करत होतो, तिलाही वाटी दिली. तिने ती हातात धरली नि प्यायली नाही.

"लिनोकाका, बाबांनी माका पाठवूक नाय. मी आपणहून इलंय."

म्हटलं, मला ठाऊक आहे. मग तिने सांगितलं, की तिचं काम म्हणजे साखळीसारखं आहे. एक महिना चुकला तर सगळं वर्ष वाया. संस्थेतल्या मोठ्या मॅडम म्हणतायत, तिथे जमत नसेल तर सोड, पुढच्या वर्षी कारवारला नव्याने सुरू कर. पण पुढच्या वर्षी संस्थेतली जागा तिला ठेवतीलच असं नाही, दुसरी मुलं रांगेत उभी आहेत.

"मगे कर कारवाराक," मी म्हटलं. "दर्या थंय पण खारोच."

"थंय माका कोण वळखता, काका?"

मी म्हटलं, आणि इथे ओळखतात म्हणून काय मिळालं तुला? बोललो आणि जीभ चावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तशी रडणारी नाही, बापासारखीच हट्टी.

आता माझं बघा. मी किरिस्ताव. कौल मला बांधत नाही असं कोणीही म्हणेल. पण मी त्याच वाडीचा. देवीच्या पालखीला आमच्या घरून तेल जातं, माझ्या बापाच्या बापापासून. एस्पेरांसाचं मयत झालं तेव्हा खांदा याच लोकांनी दिला. तेव्हा कौल माझ्यासाठी नाही असं म्हणणं एवढं सोपं नव्हतं. पण घरात मी एकटा, कोणाला विचारायचं? अल्तारावर सायबीण मातेची मूर्ती होती, ती तर कधीच काही सांगत नाही. म्हणून मीच ठरवलं. दिव्याला सांगितलं, सकाळी ये, आणि टोपी घालून ये, मागच्या वेळी नाक सोलून गेली होतीस.

सकाळी आम्ही गेलो. होडी पाण्यात घालायला अडचण आली नाही, तेवढी आम्ही दोघांनी घातली. लोक बघत होते. पाणी त्या दिवशी तेलासारखं शांत. खडपाच्या बाहेर तिने जागा पकडली, मी इंजिन बंद केलं, आणि ती कामाला लागली. तिथे मी तिला पहिल्यांदा नीट बघितली. किनाऱ्यावर चाचरणारी ती हीच काय, असं वाटलं. हात कसे चालत होते. दोरी द्या म्हणाली की दोरी द्यायची, थांबा म्हणाली की श्वाससुद्धा थांबवायचा. ताट खाली गेलं, हिरवं झालं, मग धूसर झालं, मग नुसतं आहे असं वाटणारं काहीतरी राहिलं, मग तेही नाही.

ती सांगत होती, की पावसाळ्याच्या शेवटाला खालून गार पाणी वर येतं, त्यात हवा फार कमी. मासे गुदमरतात, पळतात. ते पाणी किती दिवस राहतं, पुढच्या महिन्यांत कसं निवळत जातं, ते तिला बघायचं होतं. मी म्हटलं, हे तू बैठकीत का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. मग थोड्या वेळाने बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता बोलली, "गोव्यात म्हणतत, तू दर्यावरची, तुका काय कठीण. हय म्हणतत, तू कॉलेजातली. मी दोनीकडे पावणीच."

बोटीवर मलाही असंच असायचं, पण ते सांगून तिला काय फायदा.

परत आलो. होडी रेतीला लागली. मी उतरलो, ओंडका घातला आणि सवयीने वर बघितलं.

सगळे होते. माडाखाली पत्ते चालले होते. देवेश मोबाईल बघत होता. आणि सगळ्यांत पुढे, अगदी हाकेवर, बाबू जाळं शिवत बसला होता. कोणीही उठलं नाही. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. नुसते खाली बघत होते सगळे, जसं मयताच्या घरी बघतात. मी नि दिव्याने हात लावला. होडी हलली नाही. लाट आली, थोडी पुढे गेली, लाट गेली, परत मागे. दिव्या दात-ओठ खाऊन ढकलत होती, पाय रेतीत रुतत होते. मी एकदाच बाबूकडे बघितलं. त्याची सुई जाळ्यात आत जात होती, बाहेर येत होती. पण सुईत सूत नव्हतं. सूत केव्हाच संपलं होतं.

शेवटी मी दिव्याला बाटल्या घेऊन घरी पाठवली, त्या बर्फात ठेवायच्या असतात. होडी परत पाण्यात लोटली, वळसा घालून खाडीत नेली, तिथे तिवरांच्या आडोशाला बांधली आणि रस्त्याने चालत घरी आलो. त्या दिवसापासून माझी होडी खाडीतच.

कोणी मला वाळीत टाकलं असं समजू नका. दुकानात बोलायचे, चहाला बोलवायचे. फक्त होडीला हात लागत नव्हता. तिच्यातून कौल मोडला होता, आणि मोडलेल्या कौलाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मी मात्र संध्याकाळी किनाऱ्यावर जायचो आणि त्यांच्या होड्यांना हात लावायचो, पहिल्यासारखाच. मला कोणी नको म्हटलं नाही. देवेशची होडी ओढली त्या दिवशी त्याने न बोलता माझ्या पिशवीत सुरमई घातली. चांगली मोठी. मी घरी नेऊन शिजवली आणि जेवलो नाही. मांजराने खाल्ली.

काही दिवसांनी बाबू आला. मागच्या दाराने, हातात सुगंधाने दिलेला तिसऱ्यांच्या कालवणाचा डबा. डबा ठेवला, बसला. बराच वेळ माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधले संत बघत राहिला.

"रागावलंस काय माज्यार?"

"कौल लावूक तुका कोणी सांगल्यान होता?" मी म्हटलं. "वकील केलो असतो तरी चलला असता."

तो हसला नाही. हात चोळत म्हणाला, "लिनो, माका वाटला देवी माझी आसा."

मी डबा उघडला, दोन ताटं घेतली. जेवता जेवता तो एवढंच म्हणाला, की मी विचारलं, तिने सांगितलं, आता मी कुठल्या तोंडाने मागे फिरू? दुसऱ्या कोणी मोडला असता तर मीच त्याला बोललो असतो.

"तू तिका घेऊन जा," म्हणाला. "मी तुझ्या होडयेक हात लावचंय नाय. तरी पण जा."

मी म्हटलं, मेल्या, मी काय तुझ्यासाठी जातोय? मला ते ताट बुडताना बघायला आवडतं. तेव्हा कुठे थोडासा हसला. जाताना परत मागच्या दारानेच गेला.

तसे महिने गेले. दर महिन्याला मी नि दिव्या. ती गोव्याहून गाडीने यायची, बापलेक एका घरात जेवायची, पण तिच्या कामाचं कोणी ताटावर काढायचं नाही. सुगंधा सांगायची, की घरात एवढं शांत असतं की आमटीला उकळी आलेली ऐकू येते. काम झालं की मी तिला किनाऱ्याला सोडायचो, होडी खाडीत न्यायचो, आणि रस्त्याने एकटा चालत यायचो. वाटेत एस्पेरांसाशी बोलायचो मनातल्या मनात. ती जिवंत होती तेव्हा एवढा बोललो नसेन.

मे संपत आला. शेवटची खेप राहिली. त्यानंतर होड्या वर काढून झाकायच्या, दर्या बंद. दिव्याने मोबाईल दाखवला, म्हणाली, दक्षिणेला फार लांब, जिथे जमीनच नाही अशा समुद्रात वादळ झालंय, त्याच्या लाटा आपल्याकडे यायच्यात. आपल्याकडे वारा नसतो, आभाळ साफ असतं, आणि लाटा येतात. केव्हा येतील ते नक्की सांगता येत नाही, उद्यापर्यंत वेळ असावा. थांबलो तर होड्या बंद होतील, आणि सगळी साखळी शेवटच्या कडीला तुटेल. मी म्हटलं, चल.

जाताना दर्या निवांत. काम सगळं झालं. तिने शेवटची बाटली बंद केली आणि पेटीवर नुसती हात ठेवून बसली. मी इंजिन चालू केलं, तेव्हा होडीखालून काहीतरी गेलं. लाट दिसत नव्हती, पण होडी उचलली गेली आणि परत खाली ठेवली गेली, जसं झोपलेल्या पोराला उचलून ठेवतात तसं. मग दुसरी आली. खाडीच्या तोंडाशी पोचलो तर तिथे पांढरं पाणी. आत शिरणं शक्यच नव्हतं. किनाऱ्यालाच जावं लागणार, आणि किनाऱ्याला गेलं की होडी लगेच वर घ्यावी लागणार. नाहीतर तिचे तुकडे.

मी लाटेच्या पाठीवरून होडी आणली. बोटीवर नाही पण बाबूच्या हाताखाली एवढं शिकलो होतो. रेती लागली तशी दिव्याला ओरडलो, पेटी घे नि पळ. ती पेटी छातीशी धरून उडी मारून गेली, कोरड्या रेतीवर ठेवली नि परत आली. मी होडीची नाळ, पुढचं टोक, धरून उभा. पुढची लाट कमरेवर आली.

माडाखाली सगळे उभे राहिले होते. देवेश ओल्या रेतीपर्यंत आला. त्याचे हात पुढे झाले होते, मी बघितले. आणि तिथेच थांबला, जसं कोणी मागून सदरा धरलाय.

बाबू पाण्यात आला. पळत नाही, चालत आला, पायात चपला तशाच. माझ्याकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं नाही. होडीच्या मागच्या अंगाला गेला, खांदा लावला आणि आरोळी दिली. तीच आरोळी, वाडीत त्याच्याइतकी मोठी कोणाला देता येत नाही. तिला एरवी पंधरा माणसं धावतात. त्या दिवशी आम्ही तिघं होतो.

होडी चढली थोडी. खरंच चढली. मग आली ती लाट आडवी आली, होडी फिरली, कलंडली, आणि परतणाऱ्या पाण्याने तिला ओंडक्यांवर आपटली. फायबर फाटल्याचा आवाज सुपारी फोडल्यासारखा येतो. बाबूने माझी बगल धरून मला बाहेर ओढलं. मी म्हटलं, सोड, होडी. तो म्हणाला, "होडी गेली रे भटाऱ्या. चेडवाचा काम झाला मा?"

म्हटलं, झालं.

तो तसाच ओला देवळाकडे गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो नि बाहेर पायरीवर बसलो. तो आतून आला, शेजारी बसला. दोघांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं.

"काय सांगलंस?"

"सांगलंय, लावलंय हात म्हणून."

"मगे?"

"मगे काय. ती काय बोलतली?"

वाडीने त्याला दंड केला नाही. गाऱ्हाण्याचा मान काढला नाही. त्याने स्वतःच त्या वर्षी नारळ दुसऱ्याच्या हातात दिला.

पावसाळ्यात दिव्याचं काम गोव्यात पुरं झालं. चांगलं झालं म्हणे. संस्थेने तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक, आमच्याच किनाऱ्यावर आणखी काही वर्षं हेच काम. दुसरी, दूर दक्षिणेच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर जागा, महिनोन् महिने. हे मला सुगंधाने सांगितलं, आणि मी मनात ठरवूनच टाकलं की ती इथे राहणार. माझी फाटलेली होडी मी दुरुस्तीला टाकली होती. देवेशने एकदा दुकानात हळूच विचारलं होतं, पावसानंतर ती परत येणार काय. म्हणाला, बैठकीत मी बोलेन, परत विचारायला काय हरकत आहे देवीला.

दिव्या आली तशी मी तिला हे सगळं सांगितलं. देवेशचं सांगितलं, होडीचं सांगितलं. ती माझ्या ओसरीवर पाय सोडून बसली होती. ऐकून घेतलं सगळं.

"काका, मी बोटीर जातंय," म्हणाली.

मी विचारलं, कित्याक गो? आता तर सगळं जुळतंय.

"परत इचारतले. परत पाकळी लावतले. मगे बाबा देवीफुडे उभे रवतले." तिने सोडलेले पाय वर घेतले. "थंय दर्या कोणाचोच नाय, काका. थंय कोणाक इचारूक नको."

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. ज्या दर्याला कोणी नाही त्यात मी वर्षं काढली आहेत. तिथे कोणी अडवत नाही, आणि कोणी उठतही नाही. पण ती तेवीस-चोवीस वर्षांची पोर, तिने इथे काय बघितलं ते मी बघितलं होतं. म्हटलं, थंडी असते, लोकरीचे मोजे घे, दोन जोड जास्त घे. आणि बोटीवरच्या भटाऱ्याशी चांगली वाग, पोटभर जेवशील. ती हसली, माझ्या हातावर हात ठेवला.

तिला सोडायला मी नि बाबू कणकवलीला गेलो. सुगंधा आली नाही, तिने घरूनच मोदक बांधून दिले. बाबूने इस्त्रीचा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. गाडी वेळेवर आली, कधी नाही ती. दिव्या वाकून बापाच्या पाया पडली. तो तिला काहीतरी सांगणार होता, पण गाडी फार कमी वेळ थांबते. तिने खिडकीतून हात केला. मग तो हात कुठला नि दुसऱ्यांचे कुठले, ते कळेनासं झालं.

स्टेशनावरून डेपोत आलो. आमच्याकडे जाणारी मालवणची एसटी लागलेली होती, आत जागा पण होती. मी चढायला लागलो तर बाबू बाकावर बसला.

"ही जाव दे," म्हणाला. "मागची धरूया."

मी खाली उतरलो, त्याच्या शेजारी बसलो. कंडक्टरने विचारलं, येता काय, मी मान हलवली. गाडी गेली. बाबूने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. घरी जाऊन सुगंधाला काय सांगायचं, ते त्याला सुचत नसावं. मलाही घाई नव्हती, माझ्या घरी कुलूप होतं.

मागची गाडी आली, तीही रिकामीच होती. मी त्याच्याकडे बघितलं.

"जाव दे रे," बाबू म्हणाला.